कानसेनांची शिरगणती

या सदराच्या नेहमीच्या वाचकांना माझ्याकडून म्हणींच्या जन्मकथा, शुद्धलेखनाची भांडणे, फार झाले तर उत्तरपत्रिकांतल्या गमती, एवढ्याचीच सवय आहे. पण दिवाळी अंकात जागा देताना संपादक हात सैल सोडतात, आणि लेखकालाही आपल्या कुंपणाबाहेर चार पावले टाकण्याची उबळ येते. तेव्हा या खेपेस विषय घेतला आहे हेडफोनचा. दचकू नका. ज्याच्या पायी आपण हाका मारमारून थकतो आणि चिरंजीव शेजारच्याच खुर्चीवर मान डोलावीत बसलेले असतात, तो हा हेडफोन नव्हे. त्याचा एक थोर, कुलीन आणि अतिशय खर्चिक असा चुलता आहे. त्याची किंमत दहा-वीस हजारांपासून सुरू होते आणि लाखाचा उंबरठा सहज ओलांडते. तो घालून लोकलमध्ये बसता येत नाही की बाजारात हिंडता येत नाही. घरातल्या एका कोपऱ्यात, दार लोटून, डोळे मिटून ऐकण्याची ती वस्तू आहे.

अशी वस्तू नव्याने काढावी असे कुणा कारखानदाराच्या मनात आले, तर त्याच्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो आवाजाचा नव्हे, हिशेबाचा. घेणार किती जण? साबण असता, चहाची पूड असती, तर प्रश्न सोपा होता. आंघोळ सगळेच करतात आणि चहाला नाही म्हणणारा मनुष्य मी तरी पाहिलेला नाही. इथे मामला शौकाचा. तानसेन मोजायला सोपे, कारण ते गातात. कानसेन मुकाट्याने बसलेले असतात. त्यांची शिरगणती करायची कशी?

प्रश्न हेडफोनइतकाच जुना आहे. अमेरिकेतल्या यूटा राज्यात नॅथॅनियल बाल्डविन नावाचे एक गृहस्थ होते. १९१० साली त्यांनी कानाला लावायची दोन यंत्रे एका पट्ट्याला जोडून सिद्ध केली आणि नमुना अमेरिकेच्या नौदलाकडे धाडून दिला. बिनतारी संदेश टिपून घेणाऱ्या माणसांना त्या काळी जिवाचा कान करावा लागे. त्यांनी हे यंत्र लावून पाहिले, तो जवळच्या साऱ्या यंत्रांपेक्षा ते सरस निघाले. नौदलाने मागणी नोंदवली. बाल्डविननी उलटटपाली कळवले की एका वेळी दहाच मिळतील. कारण कारखाना म्हणजे त्यांचे स्वयंपाकघर होते. त्या घरच्या गृहिणीचे यावरचे मत इतिहासाने नोंदवून ठेवलेले नाही, पण आपल्या भगिनीवर्गाला ते सांगण्याची गरज नाही.

मागणी दारात उभी आणि माल तयार नाही, हे दुखणे कुणाही धंदेवाल्याला हवेहवेसे वाटेल. नेहमीचे दुखणे उलटे. माल तयार, दार उघडे, आणि रस्ता मोकळा. म्हणून मग आधी अंदाज घ्यावा लागतो. तो घेण्याच्या तऱ्हा माणसागणिक निराळ्या.

मिलवॉकी शहरातले जॉन कॉस यांना तो न मागता मिळाला. हा मनुष्य मुळात जॅझ संगीताचा वेडा. लग्नात सोफा घेण्यासाठी म्हणून मिळालेला पैसा त्याने दूरचित्रवाणी संच घेऊन ते रुग्णालयांतल्या रोग्यांना भाड्याने देण्याच्या उद्योगात घातला. (सोफ्याविना संसार सुरू करणाऱ्या त्या सौभाग्यवतीचेही एक स्मारक कुठेतरी असायला हवे.) पुढे १९५८ साली त्याने मार्टिन लँग या इंजिनियर मित्राच्या साहाय्याने एक सुटसुटीत तबकडीवादक केला आणि गावातल्या ध्वनियंत्रांच्या प्रदर्शनात मांडला. तबकडीवादकाबरोबर, दुसऱ्याला त्रास न होता ऐकता यावे म्हणून, एक हेडफोनही ठेवला. लोक आले, त्यांनी हेडफोन कानाला लावले, दोन कानांत दोन बाजूंनी वाद्ये ऐकली, आणि तबकडीवादकाकडे ढुंकूनही न पाहता विचारू लागले, हे कानाचे कितीला? मुख्य पदार्थ तसाच राहिला आणि लोणच्याची बरणी रिकामी झाली! कॉसने शहाणपणाने लोणच्याचाच धंदा केला. एसपी-३ या नावाने निघालेला तो हेडफोन घरबसल्या संगीत ऐकणाऱ्यांसाठी काढलेला पहिला स्टिरिओ हेडफोन समजला जातो.

इथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. कॉसने जर महिनाभर आधी मिलवॉकीत घरोघर हिंडून “आपणांस हेडफोन हवा का?” असे विचारले असते, तर लोकांनी त्याला हसून वाटेला लावले असते. हेडफोन ही तारायंत्रवाल्यांची आणि वैमानिकांची वस्तू, अशीच तोवर समजूत. वस्तू कानाला लागेपर्यंत ती आपल्याला हवी आहे हे कुणालाच ठाऊक नव्हते.

सोनी कंपनीचे अकिओ मोरिता यांनी हेच सूत्र पकडून १९७९ साली वॉकमन काढला. रेकॉर्ड न करणारे टेपयंत्र कोण घेणार, अशी शंका त्यांच्याच घरच्या मंडळींनी काढली होती. मोरितांनी बाजाराची पाहणी वगैरे केली नाही आणि पहिल्या खेपेसच ३०,००० नग करण्याचा हुकूम सोडला. जुलैत विक्री सुरू झाली. पहिल्या महिन्यात गेले ते जेमतेम ३,०००. त्या महिनाअखेर टोकियोतल्या त्या कचेरीत चहा कुणाच्या घशाखाली उतरला असेल असे वाटत नाही. परंतु ऑगस्ट संपेतो सारा माल संपला. गंमत पुढेच आहे. एकट्यानेच ऐकत बसणे लोकांना अशिष्टपणाचे वाटेल, असा मोरितांचा कयास होता. म्हणून त्या पहिल्या यंत्राला हेडफोन लावण्याची दोन भोके ठेवली होती, नवराबायकोने जोडीने ऐकावे म्हणून! लोकांना तेवढेच नको होते. म्हणजे पाहा, इतक्या मोठ्या द्रष्ट्या माणसालाही गिऱ्हाइकाची संख्या कळली, पण गिऱ्हाइकाचे मन अर्धेच कळले.

मोरितांची गोष्ट सांगितली की प्रत्येक होतकरू उद्योजकाचे डोळे चमकतात. ते चमकू नयेत अशी माझी इच्छा आहे, आणि त्याला कारण आहे.

माझा एक जुना विद्यार्थी आहे. अकरावी-बारावीला माझ्याकडे मराठी शिकला. निबंध बेताचे लिहायचा, पण कवितेचे वाचन चालू असताना कुणाचा स्वर कुठे घसरला हे त्याला अचूक कळे. पुढे त्याने इलेक्ट्रॉनिक्सची पदविका घेतली, ध्वनियंत्रांच्या दुरुस्तीचे छोटेसे दुकान टाकले, आणि आता त्याने स्वतःचा हेडफोन काढायचे मनावर घेतले आहे. सवंग नव्हे, दर्दी लोकांसाठी. त्याचा नमुना मी कानाला लावून पाहिला आहे. माझ्या संग्रहातल्या जुन्या मैफलीत तंबोऱ्याच्या मागे कुणीतरी खाकरते, हे मला तोवर माहीत नव्हते. वस्तू चांगली आहे याविषयी शंका नाही. शंका आहे ती त्याच्या वडिलांना. निवृत्त गृहस्थ, आयुष्यभर एका जागी नोकरी केलेली. फंडाचे पैसे मुलगा मागतो आहे आणि राहती जागा तारण ठेवण्याची भाषा करतो आहे. ते एके दिवशी माझ्याकडे आले आणि म्हणाले, “सर, तुमचं तो ऐकतो. तुम्ही त्याला एवढंच विचारा, की बाबा रे, घेणार किती जण?”

मी त्याला बोलावून विचारले. त्याने खिशातून पेन काढून माझ्या टेबलावरच्या कागदावर मला हिशेब समजावून दिला, तो आपणही पाहण्यासारखा आहे. हेडफोनच्या प्लॅस्टिकच्या आणि धातूच्या भागांना पोलादी साचे लागतात. समजा, साऱ्या साच्यांना ३० लाख रुपये पडले. हेडफोन ३०० काढले, तर नुसत्या साच्याचा बोजा दर नगावर १०,००० रुपये. तेच ३,००० काढले, तर १,०००. कानाच्या गाद्या, तारा, आत कंप पावणारा पडदा आणि त्याचे चुंबक, मजुरी, वाया गेलेला माल, दुरुस्तीला परत आलेला माल, दुकानदाराचा वाटा, सरकारचा कर, हे सारे वेगळेच. तेव्हा किंमत किती ठेवायची हे ठरते किती विकले जाणार यावर. आणि किती विकले जाणार हे ठरते किंमत किती ठेवली यावर. आधी लग्न की आधी वेड जाणे, तशातला प्रकार!

“पण सर, माझ्याकडे सहाशे नावं आहेत,” तो म्हणाला. दोन वर्षे तो शौकिनांच्या बैठकांना जात होता, नमुना ऐकवीत होता आणि “निघाला की घेईन” म्हणणाऱ्यांची नावे टिपून ठेवीत होता.

“अरे, नावं आहेत की पैसे आहेत?”

“नावं.”

आता हा प्रश्न सुचायला मला अर्थशास्त्र शिकावे लागले नाही. मराठी ग्रंथव्यवहाराशी ज्याचा थोडाबहुत संबंध आला आहे त्याला तो झोपेतही सुचेल. व्याख्यान संपल्यावर भोवती कोंडाळे करून “पुस्तक कधी येतंय? आमची प्रत धरूनच चाला!” म्हणणारे लोक आणि पुस्तक निघाल्यावर दुकानात जाऊन पाकीट काढणारे लोक, ह्या दोन अगदी वेगळ्या जाती आहेत. त्यांच्यात रोटीव्यवहार असेल, बेटीव्यवहार नाही. म्हणून आमच्या जुन्या लोकांनी प्रकाशनपूर्व सवलतीचा तोडगा काढला. आधी पैसे भरा, प्रत स्वस्तात घ्या. डॉक्टर केतकरांनी २३ खंडांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश काढला तो अशाच बळावर. कंपनी काढून भाग विकले, आगाऊ वर्गणीदार जमवण्यासाठी गावोगाव पायपीट केली. ‘घेईन’ म्हणणाऱ्यांच्या भरवशावर ते राहिले असते, तर ‘अ’ अक्षरापाशीच कारभार आटोपला असता. १९७४ साली सुरू झालेल्या ‘ग्रंथाली’च्या वाचक चळवळीनेही सभासदांचे पैसे आधी घेऊन पुस्तके काढण्याचीच वाट धरली, आणि तीवरूनच १९७८ मध्ये दया पवारांचे ‘बलुतं’ लोकांच्या हाती आले. ज्या अंकात आपण हा मजकूर वाचीत आहात, त्या दिवाळी अंकाचे तरी निराळे काय आहे? १९०९ साली ‘मनोरंजन’कर्त्या का. र. मित्रांनी पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून प्रती किती छापाव्यात या चिंतेने दर दसऱ्याला संपादकांची झोप उडते. विक्रेत्यांच्या मागणीकडे बघून आकडा ठरतो आणि उरलेल्या गठ्ठ्यांवर पुढल्या उन्हाळ्यात मांजरे निजतात.

‘घेईन’ म्हणणारा मनुष्य खोटे बोलत असतो असे मात्र नाही. त्या क्षणी त्याला खरेच घ्यायचे असते. नमुना कानावर असतो, समोर बनवणारा उभा असतो, त्याचा उत्साह डोळ्यांत दिसत असतो. अशा वेळी ‘नाही’ म्हणणे सभ्य माणसाला जमत नाही. शिवाय बोलण्याला पैसे पडत नाहीत. खरी परीक्षा महिन्याच्या २५ तारखेला होते, शाळेची फी भरायची असते तेव्हा. म्हणून जाणती माणसे “घ्याल का?” असे विचारतच नाहीत. ती विचारतात, “गेल्या वर्षभरात काय घेतलेत? कितीला घेतलेत? आणि ते घेण्यासाठी जवळचे काय विकलेत?” पुढच्या वर्षाविषयी माणूस कवी असतो, मागच्या वर्षाविषयी कारकून. ह्या शौकिनांत तर जुना हेडफोन विकून त्यात भर घालून नवा घेण्याची चाल फार. तेव्हा नव्याला गिऱ्हाईक किती, हे पाहायचे तर जुन्यांच्या बाजारात उलाढाल किती आहे ते आधी पाहावे.

किमतीविषयी विचारण्याचीही एक युक्ती आहे. पीटर फान वेस्टेनडॉर्प या डच अर्थशास्त्रज्ञाने १९७६ साली ती मांडली. “किती द्याल?” असा सरळ प्रश्न टाकला की माणूस भाजीवालीसमोर उभा असल्यासारखा निम्म्याने सांगतो. त्याऐवजी चार प्रश्न विचारायचे. कोणत्या किमतीला ही वस्तू घेणेच अशक्य वाटेल? कोणत्या किमतीला महाग वाटेल, पण विचार कराल? कोणत्या किमतीला सौदा छान पडला असे वाटेल? आणि चौथा, सर्वांत मार्मिक: कोणती किंमत इतकी कमी वाटेल, की मालाविषयीच शंका येईल? पैठणी घ्यायला गेलेल्या बाईला चौथा प्रश्न समजावून द्यावा लागत नाही. दुकानदाराने हजाराला पैठणी काढून दाखवली, तर ती आनंदत नाही. पदर उलटा करून पाहते. पुष्कळांची उत्तरे जमवून त्यांच्या रेघा कागदावर काढल्या की त्या एकमेकींना छेदतात, आणि त्या छेदांच्या मधल्या पट्ट्यात लोकांना पटणारी किंमत सापडते. यातून किंमत कळते. माणसे किती ते मात्र कळत नाही. ते कळण्यासाठी पैसेच मोजून घ्यावे लागतात.

हे फार मोठ्या प्रमाणावर कसे जमले त्याचे उदाहरण अमेरिकेतलेच. सेनहायझर ही हॅनोव्हरजवळची जर्मन कंपनी. १९६८ साली तिने एचडी ४१४ हा पिवळ्या स्पंजाच्या गाद्यांचा, पाठ उघडी असलेला हेडफोन काढला आणि शौकिनांना वेड लावले. पाठ उघडी म्हणजे कानावरच्या वाटीला मागून जाळी. आवाज कोंडत नाही, मोकळा वाटतो. त्यामुळे तो शेजाऱ्यालाही ऐकू येतो, आणि बाहेरची कुकरची शिटी आपल्याला. म्हणूनच ह्या जातीचे हेडफोन घरातल्या निवांत कोपऱ्यापुरते. त्याच वंशातला एचडी ६५० हा २००३ साली निघाला. त्याचा विद्युत्-रोध ३०० ओहम. नुसत्या फोनला जोडला तर बिचारा पुटपुटतो, त्याला वेगळे ध्वनिवर्धक यंत्र घ्यावे लागते. (घरी किंमत सांगताना ह्या यंत्राचा उल्लेख शौकीन लोक सहसा करीत नाहीत.) छापील किंमत ५०० डॉलरच्या घरात. दर्दी लोक त्याच्यावर फिदा; पण किंमत पाहून उसासे टाकणारेही तितकेच.

आता सॅन फ्रान्सिस्कोत २०१२ साली मासड्रॉप नावाची एक पेढी निघाली होती. तिचा धंदा असा, की एकाच वस्तूची इच्छा असलेली माणसे एकत्र जमवायची, त्यांचे पैसे गोळा करायचे आणि मग कारखान्याकडे एकगठ्ठा मागणी नेऊन भाव पाडून घ्यायचा. आपल्याकडे चाळीतल्या बायका मिळून वर्षाचे तिखट घाऊक आणतात, तसेच. या पेढीने २०१६ साली सेनहायझरला गाठले. एचडी ६५० चाच अवतार, रंग गर्द निळा, तार आखूड, नाव एचडी ६ एक्सएक्स, नग ५,०००, आणि किंमत २०० डॉलर. पाच हजार नग बघता बघता उडाले. पुढे मर्यादा काढून टाकावी लागली आणि ते विकले जातच राहिले. जर्मन कंपनीला काय मिळाले? साचे जुनेच होते, त्यांचा खर्च केव्हाच वसूल झालेला. जाहिरात नको, दुकानदाराचा वाटा नको, माल पडून राहण्याची धास्ती नको. धोका एकच, की धाकट्या भावाच्या स्वस्त ताटावर लोक बसले म्हणजे थोरल्याच्या पंगतीला कोण येणार? नव्या वस्तूची मागणी मोजताना हे फार जण विसरतात. मोजलेल्या हजारांतले किती जण आपल्याच जुन्या मालाचे गिऱ्हाईक होते, तेही वजा करावे लागते.

दुसऱ्या टोकाला याच कंपनीने एकदा शिरगणतीचा नादच सोडून दिला होता. १९९१ साली तिने ऑर्फियस नावाचा हेडफोन काढला. काचेच्या दिव्यांचे ध्वनिवर्धक यंत्र धरून किंमत सुमारे १६,००० डॉलर. नग ठरवले ३००. किती जण घेतील असे विचारलेच नाही. आम्ही एवढेच करणार, बघा, असे सांगितले. ते गेले. २०१५ साली त्याचा वारस आणला, त्याच्या यंत्राचे घर इटलीतल्या कारारा संगमरवराचे, किंमत ५०,००० युरोंच्या आसपास. या थराला वस्तूची मागणी किंमत वाढल्याने कमी होत नाही, कधी कधी वाढतेच. थॉर्स्टाइन व्हेब्लेन या अमेरिकन पंडिताने १८९९ मध्येच श्रीमंतांची ही खोड टिपून ठेवली आहे. महागाचे ते चांगलेच, हा भ्रम मात्र श्रीमंतांपुरता नाही. येरून ब्रेबार्ट या ध्वनिशास्त्रज्ञाने २०१७ साली २८३ हेडफोनांच्या मोजण्या तपासल्या. कोणता स्वर किती उमटतो याचा आलेख आणि किंमत, यांचा एकमेकांशी काही संबंध त्याला आढळला नाही. हा निष्कर्ष मुलाने हट्ट धरला की त्याला दाखवण्यासारखा आहे. कंपनीला मात्र तो दाखवून उपयोग नाही, तिला तो आधीच ठाऊक असणार.

पैसे आधी घेतले म्हणजे सारे निभावले, असेही नाही, आणि माझ्या विद्यार्थ्याला मी सर्वांत विस्ताराने सांगितली ती गोष्ट याचीच. कॅलिफोर्नियातल्या ऑसिक नावाच्या कंपनीने २०१६ साली एका नव्या हेडफोनचा संकल्प सोडला. डोके वळवले तरी आवाज खोलीत जिथल्या तिथे राहिल्यासारखा वाटेल, ऐकणाऱ्याच्या कानाची ठेवण पाहून स्वर आपोआप जुळवला जाईल, असे बरेच काही. नुसत्या वर्णनावर १०,००० हून अधिक लोकांनी मिळून २७ लाख डॉलर आगाऊ भरले. आणखी मागण्या पुढेही येत राहिल्या. शिरगणती झाली, ती नावांची नव्हे, रोख पैशांची झाली. यापेक्षा पक्का अंदाज कोणता? आणि २०१८ च्या मे महिन्यात कंपनीने दिवाळे निघाल्याचे सांगून दार लावले. करायला घेतलेली वस्तू होती त्याहून कितीतरी अवघड निघाली, लागलेला पैसा जमलेल्या पैशाहून अधिक झाला, आणि आणखी भांडवल उभे राहिले नाही. थोडे नग बाहेर पडले. बहुतेकांना ना हेडफोन मिळाला, ना पैसे परत. लोकांना वस्तू हवी होती हे शंभर टक्के खरे होते. ती आपल्याला त्या पैशांत करता येते का, हे मोजायचे राहून गेले. बाल्डविन महाशय स्वयंपाकघरातून दहाच मिळतील असे का म्हणाले, ते इथे कळते. त्यांनी नौदलाची गरज नव्हे, आपले टेबल मोजले होते.

विद्यार्थी गप्प बसून ऐकत होता. मग म्हणाला, “म्हणजे सर, मी यादी नव्यानं करायची.”

त्याने ती केली. आधी सहाशे नावांतली दुबार नावे काढली, कारण हौशी माणसे प्रत्येक बैठकीला हजर असतात आणि प्रत्येक ठिकाणी नाव देतात. दहा जण दहा ठिकाणी बोलले की शंभर वाटतात. चारशेच्या आसपास उरले. त्यांना पत्र टाकले, की किंमत इतकी, त्यातले पाच हजार आत्ता द्यावे लागतील, हेडफोन आठ महिन्यांनी मिळेल, मन बदलले तर पैसे पहिल्या तीन महिन्यांत परत. तो पैसा त्याने वेगळ्या खात्यात ठेवला आणि खात्यावर वडिलांची सही जोडीने लागेल अशी व्यवस्था केली. ही अट वडिलांची. चारशेतून पैसे आले ४३ जणांचे.

चारशेत त्रेचाळीस म्हटल्यावर त्याचा चेहरा उतरला होता. मला तो आकडा वाईट वाटला नाही. मराठी कवितासंग्रहाला एवढे आगाऊ ग्राहक मिळाले, तर कवी पेढे वाटील. पण पोलादी साचे त्रेचाळीसांच्या जिवावर पाडता येत नाहीत, हे उघड होते. तेव्हा साच्यांचा बेतच त्याने बाजूला ठेवला. वाट्या शिसवी लाकडाच्या, लेथवर कातून घ्यायच्या. लहानसहान भाग त्रिमिती छपाईच्या यंत्रावर. आतले पडदे तयार मिळतात ते आणायचे आणि एकेक मोजून जोडी लावायची. नगामागे मेहनत आणि खर्च दोन्ही अधिक, पण आधी बुडवायचा पैसा थोडा. जागा तारण ठेवण्याची गोष्ट निघेनाशी झाली. फंडातला थोडका हिस्सा वडिलांनी दिला, उसना म्हणून, आणि तसे कागदावर लिहून घेतले.

पहिली खेप पन्नासाची काढायची ठरली आहे. सुताराने पहिल्या दहा वाट्या कातून दिल्या, त्यांतल्या दोन उलट्या हाताच्या निघाल्या, त्या परत गेल्या. ते सोडले तर काम वेळेत आहे. गेल्या रविवारी वडील पुन्हा माझ्याकडे येऊन गेले. चहा झाला, फराळाचे झाले, आणि उठता उठता ते म्हणाले, “सर, त्रेचाळीस गेले हे खरं. पण पन्नास कशाला करतोय तो? उरलेले सात कोण घेणार, ते त्याला विचारलंत का?”